मालिकेतलं लग्न आणि चर्चचा नियम

बेळगावच्या कॅम्पात आमच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहतं. नव्वदच्या दशकात, माझ्या लहानपणी, स्टार प्लसवर 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' लागायची. शेजारच्या आंटी आणि आई ती एकत्र बघायच्या. आईला इंग्रजी जेमतेम कळायचं, मग आंटी गोष्ट समजावून सांगायच्या. त्यातल्या ब्रुकने आधी एरिकशी लग्न केलं आणि पुढे त्याच्या घरात मुलगा म्हणून वाढलेल्या रिजशी. आई कपाळाला हात लावायची. आंटी म्हणायच्या, "आमच्या फादरनी हे लग्न लावलंच नसतं!"

त्या वाक्याचा अर्थ मला अलीकडे कळला. आंटींच्या मुलीला कोर्टातून घटस्फोट मिळाला होता. नंतर चांगलं स्थळही आलं. मी सहज विचारलं, "मग ताईचं लग्न कधी?" आंटी म्हणाल्या, "कोर्टाचं झालं रे, चर्चचं कुठे झालंय?"

मला वाटायचं, अ‍ॅनलमेंट म्हणजे चर्चचा घटस्फोट. तसं नाही. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं लग्न रीतसर झालं आणि संसार सुरू झाला, की ते मृत्यूशिवाय सुटत नाही, असं कॅथलिक चर्च मानतं. म्हणून चर्चचं न्यायालय पाहतं ते लग्नाच्या दिवसाकडे. होकार धाकाने घेतला होता का? मोठी गोष्ट लपवून फसवणूक झाली होती का? मूल नकोच, असं एकाने मनात आधीच ठरवलं होतं का? लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमता होती का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हे अनइन्स्टॉल करणं नाही. मुळात इन्स्टॉलेशन पूर्ण झालं होतं का, याची तपासणी आहे.

पुरावा मिळेपर्यंत लग्न वैधच धरलं जातं. लग्नाच्या बाजूने बोलायला एक स्वतंत्र अधिकारीही नेमलेला असतो. पूर्वी दोन न्यायालयांचा एकसारखा निकाल लागायचा. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ती अट काढून टाकली.

आता मालिकांकडे वळू. ब्रुक-एरिकचं लग्न वैध धरलं, तर नवऱ्याच्या मुलाशी तिचं लग्न हा चर्चच्या कायद्यात सरळ अडथळा. आपल्या मालिकांतला मेलेला नवरा वर्षांनी परत येतो, तेव्हा काय? पहिलं लग्न वैध असेल आणि नवरा जिवंत असेल, तर बायकोचं दुसरं लग्न कितीही थाटात झालेलं असो, ते वैध ठरत नाही. मालिकेत हे सगळं जाहिरातींच्या आधी उरकतं. इथे साक्षीदार आणि कागदपत्रं लागतात, आणि वाट पाहावी लागते.

दोन गैरसमज मात्र दूर व्हायला हवेत. लग्न रद्दबातल ठरलं म्हणून मुलं अनौरस ठरत नाहीत. चर्चचा कायदा तसं स्पष्ट सांगतो. आणि नुसता घटस्फोट झाला म्हणून कुणी चर्चबाहेर पडत नाही. अडचण येते ती अ‍ॅनलमेंटशिवाय दुसरं लग्न केल्यावर. उलट बाजूने, केवळ चर्चचा निकाल सरकारदरबारी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. ताईला म्हणून दोन्ही दारं ठोठवावी लागली.

तिला सगळ्यात जड काय गेलं? "तेच पुन्हा सांगणं," ती म्हणाली. कोर्टात एकदा सांगून झालं होतं; आता लग्नाआधीच्या दिवसांपासून सगळं पुन्हा लिहून द्यायचं. मी विचारलं, "मग सरळ रजिस्टर का करत नाहीस?" ती म्हणाली, "आईला मला चर्चमध्ये बघायचंय. आणि खरं सांगू, मलाही."

निकाल अजून यायचा आहे. आंटी रोज संध्याकाळी आमच्याकडे मालिका बघायला येतात. परवा नायिकेचं तिसरं लग्न लागलं, तशी आई म्हणाली, "हिला बघ, किती सोपं!" आंटी हसल्या आणि रिमोट उचलून त्यांनी आवाज कमी केला.