वर्ध्याचे पांडुरंगराव, मेक्सिकोचे प्रोफेसर

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराची चित्रे आहेत. त्यांपैकी १९२८ सालच्या एका चित्राच्या नावाचा अर्थ होतो ‘आमची भाकरी’. मेजाभोवती नाना वर्णांची माणसे जमली आहेत आणि मेजाच्या शिरोभागी बसलेला एक पुरुष पाव मोडून वाटतो आहे. घरातल्या कर्त्याने आधी इतरांच्या पानाकडे पाहावे, तसा. त्या पुरुषाचा चेहरा खानखोज्यांचा आहे, असे सांगतात. वाचकहो, हे खानखोजे म्हणजे आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे!

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर जाऊन कसा बसला, ही हकिकत मोठी विलक्षण आहे. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण १९०६ च्या सुमारास देशाबाहेर पडला आणि जपानमार्गे अमेरिकेस पोहोचला. मनात दोनच गोष्टी होत्या: युद्धशास्त्र आणि शेती. कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत त्याने पहिलीचे धडे घेतले, तर ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत दुसरीचे. पोटासाठी पडेल ते काम केले. तेथेच मेक्सिकन मजुरांशी त्याची ओळख झाली. १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत हा वैदर्भीय होता. पहिल्या महायुद्धात तो इराणात इंग्रजांशी लढला, जखमी झाला, पकडला गेला आणि निसटलाही. पुढे बर्लिन आणि मॉस्को झाले. परंतु मायदेशाचे दार बंद! इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव चढलेल्या माणसाने वर्ध्याला परतावे कसे?

१९२४ साली खानखोजे मेक्सिकोत आले. तेथे नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळू लागल्या होत्या; पण जमीन हाती आली म्हणून पीक थोडेच हाती येते? चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्रोफेसर झाले. हे विद्यालयही एका जुन्या जमीनदाराच्या वाड्यातच भरे. माणसाचे शोषण शिकवू नका, जमिनीतून पिकवायला शिकवा, असे त्याचे ब्रीद. पांडुरंगरावांच्या वृत्तीला यापरते काय हवे होते?

मका हे मेक्सिकोचे अन्न. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, तशी तिकडे मक्याची तोर्तिया. खानखोज्यांनी मक्याचे आणि त्याच्या रानटी भाऊबंदांचे नाते अभ्यासले, संकर केले, नवे वाण काढले. गव्हावर आणि कडधान्यांवरही प्रयोग केले. थंडीच्या कडाक्यात आणि अवर्षणात तगणारे पीक गरीब शेतकऱ्याला मिळावे, ही धडपड होती. शेतकऱ्यांच्या मुलांना कॉलेजचा उंबरा चढता येत नाही, हे पाहून त्यांनी खेड्यापाड्यांत मुक्त कृषिशाळा काढण्यात पुढाकार घेतला. तिना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकर्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे घेतली. पिस्तूल चालवायला शिकलेला हात कणसे निवडण्यात रमला होता.

आणि संसार? तो फार उशिरा आला. १९३६ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी झान सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला. नवरा वर्ध्याचा, बायको बेल्जियमची आणि घर मेक्सिकोत! त्यांना दोन लेकी झाल्या. त्यांची नावे काय ठेवली असतील? सावित्री आणि माया. ज्या देशात जायला बापाला बंदी, त्या देशाची नावे लेकी घेऊन वाढल्या. परक्या मुलखात माणूस भाषा बदलतो, वेष बदलतो, अन्नही बदलतो. पण मुलीला हाक मारताना मन कुठल्या गावात आहे, ते कळतेच.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. काळ्या यादीतले नाव मात्र लगेच पुसले गेले नाही. १९४९ साली मध्यप्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. तरुणपणी गेलेला माणूस वृद्ध होऊन आला. पुढे त्यांनी नागपुरात कायमचे बिऱ्हाड केले. मात्र त्यांचे घरी येणे म्हणजे पत्नीचे आणि मुलींचे घर सोडणे होते, हे आपण विसरू नये. जी ताटातूट एकेकाळी त्यांच्या वाट्याला आली, तीच आता मेक्सिकोत वाढलेल्या लेकींच्या वाट्याला आली. देशभक्तांची चरित्रे लिहिताना ही बाजू आपण सहसा वगळतो. त्या तिघींचेही देणे आपल्यावर आहे.

१९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला जोर चढला. ते वाण डॉ. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, खानखोज्यांचे नव्हेत. उगीच श्रेय लाटण्याचे कारण नाही. पण ज्या भूमीत या माणसाने आपल्या उमेदीची वर्षे पेरली, तिथूनच आपल्या पडत्या काळात बी आले, हा योग मनाला चटका लावतो. दुसऱ्याच वर्षी, २२ जानेवारी १९६७ रोजी, पांडुरंगरावांनी नागपुरात देह ठेवला.

त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ‘मी क्षमा कधीच मागणार नाही’ असा त्याच्या नावाचा अर्थ. २०२२ साली चापिंगोत खानखोज्यांचा पुतळाही उभा राहिला. मेक्सिकोने आपल्या घरच्या माणसाची आठवण ठेवली. वर्ध्या-नागपुरात मात्र आज किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक आहे? या दिवाळीत फराळाच्या पानावर बसताना घरातल्या मुलांना एवढे जरूर सांगा की, आपला एक माणूस सातासमुद्रांपलीकडे गेला होता, आणि तिथल्या लोकांनी त्याला पंगतीच्या अग्रस्थानी बसवून पाव वाटायला दिला होता.