मोटारीची मालकी आणि नोंदणीपुस्तकातील नाव : बिद्री परिसराच्या संदर्भात

कोल्हापूर-गारगोटी मार्गावरील बिद्री हे कागल तालुक्यातील गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. गावाच्या दक्षिणेस मुदाळ तिट्ट्यावर निपाणीचा रस्ता फुटतो आणि थोड्याच वेळात प्रवासी राज्याची सीमा ओलांडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. नातीगोती, बाजारपेठ आणि शेतीव्यवहार मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस पूर्ववत् चालू राहिले. अशा प्रदेशात वापरलेली मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली जाणे ही स्वाभाविक गोष्ट होय. पैसे मोजले, किल्ली हाती आली आणि साध्या कागदावर सह्या झाल्या, म्हणजे व्यवहार पुरा झाला, असा सर्वसाधारण समज असतो. कायद्याची दृष्टी निराळी आहे. ती निराळी का आहे आणि त्या निराळेपणाचा भार कोणावर पडतो, याचे विवरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कायद्याचे तीन पदर

‘राज्याचा मोटार-कायदा’ असा एकच कायदा अस्तित्वात नाही. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत यांत्रिक वाहनांचा विषय समवर्ती सूचीच्या ३५ व्या नोंदीत आहे. वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार मात्र राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीने राज्यांकडे दिला आहे. त्यामुळे वाहनधारकाचा संबंध तीन पदरांशी येतो. नोंदणी, हस्तांतर व विमा यांचे नियमन संसदेच्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने होते. हा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील तपशील १९८९ च्या केंद्रीय नियमांत आणि राज्यांच्या स्वतंत्र नियमांत आहे. कराचा पदर सर्वस्वी राज्याचा : महाराष्ट्रात १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर अधिनियमाची परंपरा चालू आहे, तर कर्नाटकात १९५७ चा अधिनियम लागू आहे.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. अधिनियमाच्या ४६ व्या कलमान्वये एका राज्यातील नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते. म्हणून चिकोडी कार्यालयाचा के.ए. २३ हा क्रमांक असलेली मोटार बिद्रीस आली, एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. परंतु नोंदणी देशभर चालते म्हणून करही देशभर चालतो, असे अनुमान काढणे चुकीचे होय. नोंदणीस एक देश दिसतो, करास अनेक राज्ये दिसतात.

२. मालक कोण?

मोटार ही जंगम वस्तू आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार जंगम वस्तूची मालकी उभय पक्षांच्या उद्देशाप्रमाणे संक्रमित होते. जमिनीप्रमाणे नोंदणीकृत खरेदीखताची तेथे आवश्यकता नसते. या न्यायाने पाहिल्यास किंमत देऊन ताबा घेणारा तोच मालक.

परंतु मोटार ही सार्वजनिक रस्त्यावर धावणारी आणि अपघात घडवू शकणारी वस्तू असल्याने तिच्या मालकाशी तिऱ्हाइताचाही संबंध येतो. अपघातग्रस्ताने नुकसानभरपाई कोणाकडे मागावी? १९३९ च्या पूर्वीच्या अधिनियमातील ‘मालक’ या संज्ञेच्या व्याख्येत नोंदणीचा उल्लेखच नव्हता. अज्ञान व्यक्तीच्या वाहनाचा पालक आणि भाडेखरेदीने घेतलेल्या वाहनाचा ताबेदार यांचा तीत समावेश होता, इतकेच. १९८८ च्या अधिनियमाच्या २ (३०) या कलमाने ही व्याख्या पालटली : ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. पालकाचा अपवाद कायम राहिला. तसेच भाडेखरेदी, भाडेपट्टा वा तारणगहाण असल्यास करारान्वये ताबा असणारी व्यक्ती मालक समजली जाते.

या बदलाचा आशय सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली विशद केला. त्या प्रकरणातील मोटार मूळ धारकाकडून एकामागून एक अशा अनेक हातांत गेली होती. नोंदणीपुस्तकातील नाव मात्र पालटले नव्हते. २००९ साली अपघात घडला. उच्च न्यायालयाने प्रत्यक्ष ताबेदारास जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून नोंदणीपुस्तकातील मालकासच जबाबदार ठरविले. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीतील एकेका खरेदीदाराचा माग काढीत बसावे, ही अपेक्षा कायद्याच्या हेतूशी विसंगत होय, ही या निर्णयामागील भूमिका आहे.

म्हणजे एकाच मोटारीचे दोन मालक संभवतात : व्यवहाराने झालेला आणि नोंदीने राहिलेला. पहिला मोटारीचा उपभोग घेतो, दुसरा तिची जोखीम वाहतो. मोटार विकून निश्चिंत झालेल्या विक्रेत्यास काही वर्षांनी न्यायाधिकरणाची नोटीस यावी, आणि ज्याला त्याने कधी पाहिलेही नाही अशा चालकाच्या अपघाताची भरपाई त्याच्याकडे मागितली जावी, असा प्रसंग या द्वैतातून उद्भवतो.

३. हस्तांतराची कर्तव्ये

ही दरी मिटविण्याचा मार्ग ५० व्या कलमात आहे. विक्री एकाच राज्यात झाली असेल, तर विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास हस्तांतराची खबर द्यावी व तिची प्रत खरेदीदारास पाठवावी. खरेदीदार परराज्यातील असल्यास ही मुदत ४५ दिवसांची आहे. कारण मध्यंतरी ना-हरकत दाखला मिळवावा लागतो. खरेदीदाराने स्वतः ३० दिवसांच्या आत खबर द्यावयाची असते. विक्रेत्याची सूचना नमुना क्रमांक २९ वर, तर हस्तांतराचा अर्ज नमुना क्रमांक ३० वर होतो. कर्तव्य दोघांवरही आहे. ‘नाव चढविणे हे घेणाऱ्याचे काम’ ही समजूत कायद्यास धरून नाही.

मोटार कर्जाऊ घेतलेली असेल, तर ५१ व्या कलमाप्रमाणे बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. कर्ज फिटले तरी नमुना क्रमांक ३५ सादर होऊन ती नोंद रद्द होईपर्यंत कागदोपत्री बोजा उतरत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत अधिकाऱ्यास कळविल्यास त्यास तीन महिने वाहन वापरता येते. त्याच अवधीत नाव लावून घेण्याचा अर्ज करणे आवश्यक असते.

जुन्या मोटारींचा व्यापार करणाऱ्यांमुळे ही साखळी अधिकच लांबत असे. विक्रेता कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मोकळा होई आणि मोटार व्यापाऱ्याच्या दारात महिनोन्महिने उभी राही. यावर उपाय म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्याची व्यवस्था आली. अशा व्यापाऱ्याकडे मोटार सोपविल्याची सूचना विहित रीतीने नोंदली गेल्यावर तोच मानीव मालक समजला जातो. नाव आणि ताबा यांतील दरी मध्यस्थाच्या टप्प्यावरच बुजविण्याचा हा प्रयत्न उल्लेखनीय आहे.

४. सीमा ओलांडताना

समजा, बिद्रीतील एका शिक्षकाने निपाणीच्या व्यापाऱ्याकडून मोटार घेतली. या व्यवहारात प्रथम ४८ व्या कलमाखालील ना-हरकत दाखला लागतो. त्यासाठी नमुना क्रमांक २८ वर मूळ कार्यालयाकडे अर्ज करावयाचा. चोरीची तक्रार नाही असा पोलिसांचा अहवाल आणि शासकीय देणी फिटल्याची खातरजमा यांनंतर दाखला मिळतो. अधिकाऱ्याने ३० दिवसांत नकार कळविला नाही, तर दाखला दिल्याचे मानले जाते. पुढे कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना क्रमांक २७ वर अर्ज होऊन एम.एच. ०९ हा नवा क्रमांक मिळतो.

येथे ४७ व्या कलमाचा बहुधा चुकीचा अर्थ लावला जातो. परराज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास नवा क्रमांक घ्यावा, असे ते कलम सांगते. ‘वर्षभर काही करावे लागत नाही’ असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. परंतु ही सवलत वाहनाच्या वास्तव्यापुरती आहे, मालकीच्या बदलास ती लागू नाही. मालक न बदलता मोटार बिद्रीस आली, तर १२ महिन्यांचा हिशेब योग्य. मालक बदलला, तर ३० दिवसांचा. या दोन मुदतींची गल्लत झाली की नोंदीतील जुने नाव जुनेच राहते.

कराचा प्रश्न याहून बिकट आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या मालकीच्या नव्या पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के व डिझेल मोटारीवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. कर्नाटकात किमतीच्या टप्प्यांनुसार १३ ते १८ टक्क्यांची आकारणी रूढ आहे. परराज्यातून आलेल्या मोटारीवर तिच्या वयोमानाप्रमाणे कमी दराने कर बसतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उर्वरित काळापुरता परतावा तेथील कार्यालयाकडे स्वतंत्रपणे मागावा लागतो. एका राज्याने दुसऱ्याची वजावट परस्पर करावी, अशी व्यवस्था नाही. खरेदीदाराने ठरलेल्या किमतीत हा कर मिळवूनच मोटारीचे मोल ठरवावे, हे यावरून उघड आहे.

राज्यांच्या करसत्तेसही मर्यादा आहेत. कर्नाटकाने २०१४ च्या दुरुस्तीने परराज्यातील मोटार ३० दिवसांहून अधिक राहिल्यास आजीवन कर मागण्याची तरतूद केली होती; ती कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ साली अवैध ठरविली. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेत क्रमांक न बदलता दोन-दोन वर्षांचा कर भरण्याची सोय आहे. तथापि ती संरक्षणदले, शासकीय सेवा, सार्वजनिक उपक्रम आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी संस्था यांतील नोकरवर्गापुरती आहे. सीमेच्या दोन्ही अंगांस ज्याचा संसार पसरला आहे, त्या ऊस-उत्पादकास तिचा उपयोग नाही.

५. विम्याचे द्वैत

१५७ व्या कलमान्वये मोटारीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. त्याने १४ दिवसांत विमा कंपनीस कळवावयाचे असते. परंतु हे आपोआप होणारे संक्रमण तिऱ्हाइताच्या हानीपुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यात १९९५ साली स्पष्ट केले. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा हा खाजगी करार असून तो कंपनीच्या संमतीवाचून नव्या मालकास लाभत नाही. यास्तव नाव न बदललेल्या मोटारीचा खरेदीदार ती चोरीस गेल्यास वा मोडल्यास निराधार ठरू शकतो. आणि विम्याची मुदत संपू दिली असेल, तर अपघाताचा सारा भार नोंदीतील जुन्या मालकावर येतो.

६. समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ असा, की मोटारीच्या बाबतीत ‘मालकी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. उपभोगाची मालकी करारातून उत्पन्न होते, उत्तरदायित्वाची मालकी नोंदीतून. अपघातग्रस्ताच्या हितासाठी कायद्याने दुसरीस प्राधान्य दिले आणि ते न्याय्यही आहे. कारण रस्त्यावर जखमी झालेल्या पादचाऱ्यास मोटारीचा क्रमांक तेवढा दिसतो, विक्रीचा कागद दिसत नाही. पण याचे मोल प्रामाणिक परंतु अनभिज्ञ विक्रेता देतो. राज्यसीमा मध्ये आली, की दोन कार्यालये, दोन कर आणि लांबलेली मुदत यांमुळे ही दोन नावे एकत्र येण्यास विलंब लागतो आणि तितकी जोखीम वाढते. नोंदणीचा देशव्यापी न्याय आणि कराचा राज्यव्यापी न्याय यांचा मेळ घालणे हा संघराज्याच्या अर्थव्यवस्थेतील एक अपुरा राहिलेला प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत विक्रेत्याचे खरे संरक्षण एकच : किल्ली देण्यापूर्वी सूचनेचा नमुना भरणे आणि नोंदणीपुस्तकात नवे नाव चढल्याची स्वतः खात्री करून घेणे.