धार गेली की बरकत गेली

कापडाच्या दुकानात कात्री बोथट झाली की कापड कापले न जाता चुरगळते. लाकडाच्या मशिनचेही तसेच आहे. फरक एवढाच की तेथे बोथट पाते माल खाते, वीज खाते आणि प्रसंगी कारागिराचे बोटही खाते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खामगाव-मलकापूरपासून चिखली-मेहकरपर्यंत आरा मशीन व फर्निचरवर अनेकांची रोजी आहे. बाभळीचे लाकूड कठीण. सागवानात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या जातीचे, सूक्ष्म कण असतात. ते धार लवकर मारतात. पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांत खिळे दडलेले असतात. अशा लाकडावरून आधी चुंबक फिरवावे. प्लायवुडमधील चिकट थरही साध्या पात्याला मारतात. तेथे कार्बाइडच्या दातांचे पाते घ्यावे. ते महाग पडते, पण कितीतरी जास्त टिकते. त्याला कानस चालत नाही, हिऱ्याच्या चाकावरच धार लागते.

धार गेल्याची लक्षणे सोपी आहेत. कापाची कडा काळी पडते, जळका वास येतो, मोटारचा आवाज जड होतो, लाकूड जोराने ढकलावे लागते. हा जोरच घात करतो. लाकूड उसळते आणि हात पात्यावर जातो.

धार लावताना पाते एका जागी दाबून धरू नये. कड निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले समजावे. आऱ्याचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे सारखेच वळलेले असावेत. नाहीतर काप तिरका जातो. रंधा मशिनची सर्व पाती एकदमच घासावीत आणि एकाच उंचीवर बसवावीत. एक वर राहिले तर तेच राबते आणि लाकडावर लाटा उठतात.

संध्याकाळी पात्यावरची राळ रॉकेलच्या फडक्याने पुसावी, पट्ट्याच्या आऱ्याचा ताण सैल करावा. पात्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद हवाच. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत, ते हात आत ओढतात.

कारागीर बंधूंनो, पात्यांचे दोन जोड ठेवा. एक मशीनवर, एक धारवाल्याकडे. मग "आजचा दिवस निभवू" म्हणण्याची वेळ येणार नाही. धारेच्या मजुरीत वाचवलेले पैसे लाकडात, वीजबिलात आणि दवाखान्यात दामदुपटीने जातात.