तीस हजार व्होल्ट, तेही उणे

सुरतच्या उधन्यात माझं लेझर मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. साडीचं कापड कापणाऱ्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला की कारखान्याची माणसं तो माझ्याकडे आणून टाकतात. गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, आपल्या धुळ्याकडचा. म्हणाला, "काका, एखादा जुना सप्लाय द्या. फ्यूझर करायचाय."

फ्यूझर ही टीव्हीचे संशोधक फायलो फार्न्सवर्थ यांची कल्पना. पोलादी भांड्यातली हवा उपसायची, अगदी विरळ ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वायू सोडायचा, मधोमध तारेची जाळी टांगायची. जाळीवर उणे 30 हजार व्होल्ट दिले की धनभारित अणुकेंद्रं तिच्याकडे झेपावतात. त्यांना मिळणारी ऊर्जा 35 कोटी अंश तापमानाच्या तोडीची. त्यातली मोजकीच एकमेकांवर आदळून जुळतात; हेच संलयन. करंट लागतो 10 मिलीअँपिअर, म्हणजे सगळे मिळून 300 वॅट. घरातला मिक्सर याहून जास्त ओढतो.

तरी जुळणारा सप्लाय सापडत नाही. माझ्याकडचा 20-25 हजारांपर्यंत चढतो, पण अधिक बाजूने. फ्यूझरच्या जाळीला उणे हवेत. त्याचे डायोड रेझिनमध्ये गाडलेले, फिरवायची सोय नाही. जुन्या टीव्हीचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज देतो, करंट देत नाही. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचं उलटं: दोनच हजार व्होल्ट, पण माणूस जागीच जाईल एवढा करंट. त्याला हातच लावू नये. खरा उपयोगी पडतो तो जुन्या एक्स-रे मशीनचा, तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याचा मध्य अर्थला असतो. दोन्ही टोकांना डायोड योग्य दिशेने लावले की उणे वीज मिळते.

पण एवढ्या व्होल्टेजला भांड्यात डोकावायच्या काचेतून क्ष-किरण बाहेर येतात, आणि ड्युटेरियम जुळलं तर न्यूट्रॉनही. ड्युटेरियम ज्यात असतं ते जड पाणी आपल्या हजिऱ्यातच बनतं, काक्रापारच्या अणुभट्ट्यांत वापरलं जातं; पण ते अणुऊर्जा कायद्याच्या ताब्यातलं, दुकानात मिळत नाही. म्हणून मुलाला सांगितलं, "संलयन संस्थेतच कर. गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 पासून आदित्य टोकामॅक, म्हणजे संलयनाचं यंत्र आहे, आधी ते बघून ये. इथे साध्या विरळ हवेवर, कमी व्होल्टेजवर, माझ्यासमोर जाळी पेटवू."

पेटवली. करंट आवरायला मध्ये रेझिस्टर घातला होता. जाळीच्या पोटात जांभळा ठिपका उजळला आणि पोरगं बराच वेळ बोललंच नाही.

त्याआधी त्याला साठलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची काठी दाखवली होती. पाच वर्षांपूर्वी मशीन बंद करून मी लाल वायरीला हात लावला. आत साठलेल्या विजेने मला भिंतीवर फेकलं, कोपरापर्यंत हात दोन दिवस बधिर होता. तुमच्या घरी असा नाद असलेलं पोर असेल तर त्याला अडवू नका. फक्त एकटं बसू देऊ नका, आणि स्विच बंद केल्यावरही हात घालण्याआधी ते काठी टेकवतं का, ते रोज पाहा.