अलास्काच्या वाटेवरील वन्यजीव

उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाकडे नेणारा अलास्का महामार्ग आज हौशी प्रवाशांचा मार्ग म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात त्यावर मोटारींची फिरती घरे धावताना दिसतात. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय वाहनातच असल्याने दोन वस्त्यांमधील लांबलचक निर्मनुष्य अंतर प्रवाशाला जाचत नाही. परंतु हा रस्ता सहलीसाठी बांधलेला नव्हे. तो युद्धाचे अपत्य आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्काच्या संरक्षणाची चिंता अमेरिकेला भेडसावू लागली. मार्च १९४२ मध्ये सुरू झालेले काम ऑक्टोबरअखेर, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत पुरे झाले. दहा हजारांहून अधिक सैनिक त्यासाठी राबले. त्यांतील सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णी होते. १९४८ साली हा मार्ग सर्वसामान्यांना खुला झाला. कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत त्याची लांबी, अनेक वळणे काढून टाकल्यानंतर, आज सुमारे २,२०० किलोमीटर भरते.

या वाटेवर वन्य पशू दिसतात ते केवळ अरण्य दाट आहे म्हणून नव्हे. खरे पाहता दाट अरण्यात पशू सहसा दृष्टीसच पडत नाही. रस्त्याच्या दुतर्फा झाडे तोडून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांत कोवळे गवत उगवते. ते चरण्यास लियार्ड नदीच्या परिसरात बायसनांचे कळप येतात. आपल्याकडील गव्यालाही शिकारी लोक बायसनच म्हणत; तथापि हे दोन प्राणी निराळे. या भागातून नाहीसा झालेला हा पशू १९९५ साली तेथे पुन्हा आणून सोडण्यात आला. डोंगरी मेंढ्या क्षारांच्या ओढीने रस्त्याच्या कडेची माती चाटतात. अस्वलाला कडेची हिरवळ व फळझुडपे खुणावतात. जे आमिष प्रवाशाला दर्शनसुख देते, तेच पशूला चाकांखाली आणते. काळोखात मधोमध उभा असलेला गडद रंगाचा बायसन वाहनचालकाला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि अशा टकरीत दोघांच्याही जिवावर बेतते.

पुढे यूकॉन प्रदेशातील क्लुआनी सरोवराकाठी एक उघडा डोंगर लागतो. त्यावर पांढऱ्या डॉल मेंढ्या असतात. वसंतात व शरदात त्या खालच्या उतारांवर उतरतात. ऐन उन्हाळ्यात मात्र उंच कड्यांकडे जातात. म्हणून जुलैतील प्रवाशाला कित्येकदा रिकामा डोंगर पाहूनच पुढे जावे लागते.

याच प्रदेशाने एक विदारक धडाही दिला आहे. रस्ता झाला तसे बंदूकधारी नवागत आले आणि बेसुमार शिकारीची भीती उत्पन्न झाली. म्हणून १९४३ साली तेथे अभयारण्य स्थापन झाले. परंतु त्या नियमाने पिढ्यान्‌पिढ्या तेथेच शिकार करून जगणाऱ्या मूळ रहिवाशांनाही त्यांच्याच भूमीत मज्जाव झाला. अपराध एकाचा, शासन दुसऱ्याला! १९९३ व २००३ सालच्या करारांनी त्यांचे हक्क मान्य झाले, आणि आज तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या कारभारात त्यांचा सहभाग आहे. मध्यंतरी गेलेल्या अर्धशतकात मुलांना रानाची विद्या शिकविण्याची जी संधी हुकली, ती मात्र कोणत्याही करारनाम्याने भरून निघणारी नाही.

कॅनडातील राष्ट्रीय उद्यानांचा दंडक असा की, अस्वलापासून किमान १०० मीटर व हरणादी मोठ्या पशूंपासून ३० मीटर दूर राहावे. खाद्य तर मुळीच देऊ नये. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल निर्भय होते, वस्तीत शिरते आणि अखेर बहुधा गोळीस बळी पडते. प्रवाशाने फेकलेला पावाचा तुकडा त्याला दयेचा वाटतो. अस्वलाच्या दृष्टीने तो मृत्युदंडच ठरतो. अरण्यातील पाहुण्याने दुर्बीण जवळ बाळगावी आणि पाऊल दूर ठेवावे, यातच दोघांचे कल्याण आहे.