सुटी नसलेला स्वातंत्र्यदिन

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं गाव. इथला किंवा आसपासचा तरुण नोकरीसाठी दुबईला नाहीतर न्यू जर्सीला गेला, की १५ ऑगस्ट त्याच्या वाट्याला कामाचा दिवस म्हणून येतो. गावाकडे प्रभातफेरी निघून झेंडावंदन उरकलेलं असतं, पोरांच्या हातात गोळ्या-बिस्किटं पडलेली असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन थडकलेले असतात. आणि हा हजेरी लावून कामाला जुंपलेला. मग पुढच्या शनिवार-रविवारी मंडळाने भाड्याने घेतलेल्या सभागृहात देशभक्तिपर गाणी होतात, जेवणं होतात. तारीख टळून गेल्यावरचा सोयीचा स्वातंत्र्यदिन म्हणून आपल्याकडे हे हसण्यावारी नेलं जातं. मला ते पटत नाही. सुटी आयती मिळत नाही तेव्हा राष्ट्रीय दिवस मुद्दाम पाळावा लागतो, आणि आपले राष्ट्रीय दिवस मुळात घडले तेही सुटीशिवायच. मराठवाड्याच्या माणसाला हे इतरांपेक्षा आधी उमगायला हवं.

कारण १५ ऑगस्ट १९४७ ला चुडावा हैदराबाद संस्थानात होतं, स्वतंत्र भारतात नव्हतं. इंग्रज गेल्यावर हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहील, असं निजामाने त्या जूनमध्येच जाहीर करून टाकलं होतं. संस्थानाचं चलन वेगळं, हाली सिक्का, टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची, आणि सरहद्दीवर मालाची जकात घ्यायला करोडगिरीची नाकी. दिल्लीत मध्यरात्री जे झालं ते परभणीकरांच्या लेखी जवळजवळ शेजारच्या देशात झालं. संस्थानातल्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. पुढे या लढ्याचे कार्यकर्ते सरहद्द ओलांडून वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी छावण्या घालून राहिले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे तेरा महिने इथला माणूस आपल्याच घरात बसून परदेशी होता, आणि ज्या दिवसाला इथलं सरकार मानत नव्हतं तो दिवस त्याला स्वतःच्या जबाबदारीवर पाळावा लागत होता.

यावर कुणी म्हणेल, कुठे तुरुंगात गेलेले सत्याग्रही आणि कुठे डॉलर-दिरहम कमावायला गेलेली मंडळी! आक्षेप रास्त आहे. धाडसाची तुलना करायचीच नाही. एका बाजूला जिवाची जोखीम होती, दुसऱ्या बाजूला फार तर एक रजा खर्ची पडते. साम्य आहे ते पद्धतीत. सरकार पाठीशी नसलं की तारीख, जागा, वर्गणी, गाणारे, बोलणारे सगळं लोकांनाच जमवावं लागतं, आणि जमवताना हे आपण कशासाठी करतोय, हा प्रश्न टाळता येत नाही. २६ जानेवारी हा दिवस १९३० पासून स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला तो असाच, परक्या सरकारच्या नाकावर टिच्चून. त्याला सुटीचा मान नंतर मिळाला, १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर. परदेशातल्या भारतीयांचा वाटा तर त्याहून जुना. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत भारताचा म्हणून एक झेंडा फडकवला, तेव्हा मायदेशात असं काही उघड करणं अवघड होतं. तो झेंडा आज पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. ऑक्टोबर १९०९ मध्ये लंडनच्या हिंदी लोकांनी दसऱ्याची पंगत ठरवली, तर एकाच कार्यक्रमात गांधी आणि सावरकर दोघेही बोलले. पुढे हिंदुस्थानात असा योग जुळवणं किती अवघड झालं, ते आपण जाणतोच. परमुलखात आपली माणसं मोजकी, म्हणून मतभेद असलेल्यांनाही एका पंगतीला बसावं लागतं; हा मला अशा दिवसांचा मोठाच फायदा वाटतो.

अर्थात हे चित्र सगळ्यांना लागू नाही, आणि इथे माझा मुद्दा थोडा लंगडा पडतो. न्यूयॉर्कमध्ये १९८१ पासून ऑगस्टमधल्या रविवारी भारतीयांची मिरवणूक निघते. तिथे जाणाऱ्याकडे रविवार मोकळा असतो. आखाती देशांत बांधकामावर राबणाऱ्याचं तसं नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि ऑगस्टचा मध्य नेमका त्यात येतो, म्हणून काम भल्या सकाळीच सुरू होतं. वकिलातीत सकाळी झेंडावंदन होतं, राजदूत राष्ट्रपतींचा संदेश वाचून दाखवतात. पण त्या वेळी कामगारांची बस केव्हाच साइटवर पोचलेली असते. त्याच्या वाट्याची सुटी २ डिसेंबरची, अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाची. मंडळांनी आपल्या कार्यक्रमाची वेळ ठरवताना या माणसाचा विचार केला नाही, तर ‘साऱ्या भारतीयांचा सोहळा’ ही निव्वळ पाटी ठरते.

दुसरा आक्षेप नागरिकत्वाचा. ज्यांनी तिकडचं पारपत्र घेतलं, त्यांनी कुणाचा झेंडा वंदायचा? मॉरिशसच्या मराठी माणसांनी याचा गुंता केलेला नाही. त्यांचा राष्ट्रीय दिवस १२ मार्च, आणि मॉरिशसने ती तारीख निवडली गांधींच्या दांडीयात्रेच्या आरंभाची आठवण म्हणून. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. निष्ठा एका देशाशी आणि जिव्हाळा दुसऱ्याशी, हे नातं पिढ्यान्‌पिढ्या नीट चालू शकतं.

दूर जायचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्या नावानिशी दिल्या आहेत. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्या यादीत नाही. त्या दिवशी मराठवाड्यात शासकीय झेंडावंदन होतं. पुण्याच्या दुकानात काम करणारा चुडाव्याचा मुलगा मात्र नेहमीसारखा कामावर. तेव्हा पुण्यातल्या, दुबईतल्या, न्यू जर्सीतल्या मंडळांना एक विनंती: ऑगस्टचा कार्यक्रम आखतानाच सप्टेंबरची एक संध्याकाळ राखून ठेवा, आणि त्या दिवशी मराठवाड्याच्या माणसाला बोलायला उभं करा.