‘पित्ताची गोळी’ : एका शब्दप्रयोगाचा अर्थविचार

प्रस्तुत लेखकाच्या एक आत्याबाई वेल्ह्याकडील एका खेड्यात राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांना जेवणानंतर छातीत जळजळू लागले आणि रात्री आडवे होताच घशाशी आंबट येऊ लागले. बाजारासाठी भोरला गेल्या असता त्यांनी औषधांच्या दुकानात ‘पित्ताची गोळी’ मागितली व ती त्यांना मिळाली. आठवडाभर रोज रात्री ती घेऊनही जळजळ शमली नाही. दिवसा गुंगी मात्र येऊ लागली. पाकीट पाहिले तेव्हा ती सेटिरिझिनची, म्हणजे अंगावर पित्त उठते त्यावर द्यावयाची गोळी निघाली. दुकानदाराने मागितले ते दिले होते आणि आत्याबाईंनी हवे तेच मागितले होते. दोघांच्याही मराठीत काही उणे नव्हते. मग चूक कोठे घडली, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. त्याचा थोडक्यात विचार करण्याचे येथे योजिले आहे.

भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची खोरी आणि वरंध घाटाकडील हिर्डोशीसारखी गावे यांतील माणूस दुखणेबहाणे घेऊन निघाला की त्यास पुष्कळदा वैद्याच्या आधी औषधविक्रेता भेटतो. अशा ठिकाणी रोगाचे नाव हीच औषधाची चिठ्ठी ठरते. म्हणून त्या नावाचा अर्थ नेमका असणे अगत्याचे आहे.

आता ‘पित्त’ हा शब्द घेऊ. आयुर्वेदातील त्रिदोषांपैकी एक दोष हा त्याचा शास्त्रीय अर्थ. आधुनिक शारीरशास्त्रात यकृतातून स्रवणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसास पित्तरस म्हणतात. बोलभाषेत मात्र हा शब्द एकटा क्वचितच येतो. तो क्रियापदाचा हात धरून येतो आणि क्रियापद बदलले की रोग बदलतो. ‘पित्त झाले’ किंवा ‘पित्त वाढले’ म्हणजे छातीत जळजळ, करपट ढेकर, मळमळ. ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे कातडीवर येणाऱ्या खाजऱ्या गांधी. ‘पित्त पडले’ म्हणजे कडू, पिवळी उलटी झाली. ‘पित्ताने डोके दुखते’ असे म्हणणाऱ्याचा विकार बहुधा अर्धशिशीचा असतो. आणि ‘पित्त खवळले’ यात तर रोग नसून राग आहे. म्हणजे येथे नाम केवळ विषय सुचविते. अर्थाचा निर्णय क्रियापद करते.

‘पित्ताची गोळी’ या प्रयोगात हे क्रियापदच गळून पडले आहे. षष्ठीचा प्रत्यय दोन नामांचा संबंध आहे एवढेच सांगतो. संबंध कोणता, हे सांगत नाही. ‘खोकल्याचे औषध’ म्हणताना त्याने काही बिघडत नाही, कारण खोकला एकच क्रिया करतो. पित्त मात्र उठते, पडते, वाढते आणि खवळते. आत्याबाईंच्या मनातील ‘झाले’ आणि दुकानदाराच्या मनातील ‘उठले’ ही दोन्ही क्रियापदे अनुच्चारित राहिली, आणि गोळी चुकली.

हे दोन विकार एका शब्दाखाली आले ते आजचे नव्हे. ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात शीतपित्त, उदर्द व कोठ या त्वचेच्या विकारांचे प्रकरण आणि अम्लपित्ताचे प्रकरण एकापाठोपाठ येतात. आधुनिक औषधशास्त्रातही एक मौजेचा योग दिसतो. कातडीवर गांधी उठविणारे हिस्टामीन हेच द्रव्य जठरातील पेशींस आम्ल स्रवण्याची आज्ञाही देते. परंतु त्याची आज्ञा ग्रहण करणारी केंद्रे दोन ठिकाणी दोन जातींची आहेत. सेटिरिझिन पहिल्या जातीचे केंद्र अडविते, ते खाजेवर उपयोगी. फॅमोटिडीन दुसऱ्या जातीचे अडविते, ते आम्लावर. म्हणून एकाचे काम दुसरे करीत नाही. प्राचीनांस हिस्टामीन ठाऊक होते असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र अनुचित होईल.

वास्तविक जठरात जळजळ करते ते पित्त नव्हेच. जठराच्या भित्तिकेतून हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवते. यकृताचा पित्तरस उलट किंचित क्षारधर्मी असतो. अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. ते अवेळी सैल पडले म्हणजे आम्ल वर चढते. जठरास या आम्लापासून वाचविणारे अस्तर आहे, अन्ननलिकेस तसे नाही. म्हणून ती पोळते. या क्रियेस मराठीत ‘घशाशी येणे’ असा जो प्रयोग आहे तो अतिशय समर्पक आहे, कारण त्यात गतीची दिशा सांगितली आहे. संस्कृत वैद्यकातील ‘ऊर्ध्वग’ अम्लपित्त ही संज्ञाही तेच सांगते.

या विकारावरील औषधांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग स्रवलेले आम्ल मारणाऱ्यांचा. खाण्याचा सोडा, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांची हायड्रॉक्साइडे ही त्यातील होत. वैद्यांचे शंखभस्मही चुनखडीच्या जातीचे असल्यामुळे आम्लावर याच रीतीने काम करते. यांचा गुण लवकर येतो व लवकर जातो. दुसरा वर्ग वर सांगितलेल्या हिस्टामीनरोधकांचा. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले. ब्लॅक यांस १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच वर्गातील रॅनिटिडीन आपल्याकडे घरोघर माहीत होते. परंतु त्यात कर्करोगास कारण होऊ शकेल अशी अशुद्धी आढळल्याने २०२० साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढण्यात आले, आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही वगळण्यात आले. तिसरा वर्ग आम्ल बाहेर टाकणारा पेशीतील पंपच बंद करणाऱ्यांचा. ओमेप्राझोल १९८८ मध्ये आले; पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही त्याची भावंडे. अन्न येताच हे पंप कामास लागतात. म्हणून ही गोळी जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावयाची असते. जळजळ सुरू झाल्यावर ती घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणे हा गोळीवर अन्याय होय.

या नावांत भाषाभ्यासकास रस वाटावा अशी एक व्यवस्था आहे. १९५३ पासून जागतिक आरोग्य संघटना औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांच्या याद्या प्रसिद्ध करीत आली असून तीत समान अंत्यपदे समान वर्गाची खूण ठरतात. ‘-टिडीन’ दिसले की दुसरा वर्ग, ‘-प्राझोल’ दिसले की तिसरा. तथापि अंत्यपद पूर्ण वाचले पाहिजे : ॲरिपिप्राझोल या नावातील अंत्यपद ‘-पिप्राझोल’ असे निराळे आहे, आणि ते औषध मनोविकारांवरील आहे. आपल्या पाकिटावरील व्यापारी नाव बाजूस ठेवून बारीक अक्षरांतील हे नाव वाचण्याची सवय लावणे हिताचे ठरेल.

अलीकडे ‘पित्त’ मागे पडून ‘ॲसिडिटी’ हा शब्द खेडोपाडी रुळला आहे. तो ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी झाला, ‘ॲसिडिटी झाली’ असा चालू लागला आणि दुहेरी अर्थाची अडचण काहीशी दूर झाली. पण त्यातून दुसरी अडचण उभी राहिली आहे. ‘छातीत जळजळते’ हे वर्णन आहे. ‘ॲसिडिटी झाली’ हे निदान आहे. वर्णन ऐकणारा पुढे प्रश्न विचारतो. निदान ऐकणारा गोळी देतो. चढ चढताना छातीवर दडपण येणे, कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणे, घाम फुटणे, धाप लागणे ही लक्षणे हृदयविकाराची असू शकतात. ती ‘ॲसिडिटी’ किंवा ‘गॅस’ या नावाखाली घरी निभावून नेण्यात जिवाशी गाठ आहे. गिळताना घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, विनाकारण वजन घटणे ही लक्षणेही गोळीने झाकावयाची नव्हेत. पोटातील व्रणास पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू कारण असतो. हे दाखवून देणाऱ्या मार्शल व वॉरन यांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावर जंतुनाशक औषधेच द्यावी लागतात. अंगदुखीसाठी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतो. तेव्हा डॉक्टरांस विचारल्यावाचून आम्लाची गोळी महिनोन्महिने चालू ठेवणे श्रेयस्कर नव्हे.

सारांश, ‘पित्त’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याचे क्रियापद त्यास परत दिले म्हणजे पुरे. पुढे आत्याबाईंनी डॉक्टरांस दाखविले. त्यांनी जेवणापूर्वी पॅन्टोप्राझोल, रात्रीचे जेवण लवकर आणि उशाकडची बाजू उंच, असा उपचार सांगितला व दोन आठवड्यांत जळजळ थांबली. आता त्या दुकानात गेल्या की नाव न सांगता ‘घशाशी आंबट येतं’ असे सांगतात. आणि दुकानदारही, कोणी ‘पित्ताची गोळी’ मागितली की, हात फळीकडे नेण्यापूर्वी विचारतो : “उठलंय का झालंय, मावशी?”